सप्ताहात पडलेला माइक: तीन सूत, पाच सूत आणि दहा एमएमचं प्रकरण

रात्रीचे साडेदहा वाजले होते. हरिनाम सप्ताहाचा चौथा दिवस, कीर्तन ऐन रंगात. महाराजांनी निरूपण थांबवून गजर धरला, मागच्या वीस टाळकऱ्यांनी पावली सुरू केली आणि मंचाच्या फळ्या हलू लागल्या. तेवढ्यात मृदंगाच्या शाईच्या बाजूला लावलेला माइक क्लिपसकट स्टँडवरून सुटला. आधी मृदंगाच्या खोडावर, मग फळीवर आदळला. स्पीकरमधून असा दणका उमटला की पुढं बसलेली लहान पोरं दचकून रडायला लागली. मृदंगवाल्या बुवांचा हात मात्र थांबला नाही. ठेका जसाच्या तसा चालू राहिला आणि मी मिक्सरवरून ती पट्टी खाली ओढून मंचाकडं धावलो.

मी आयटीआय झालेला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा आहे. दिवसा शिरोली एमआयडीसीत मशीनवर असतो आणि गावच्या सप्ताहाचं साउंड गेली काही वर्षं सांभाळतो. दिवसभर आट्यांशीच माझा संबंध, म्हणून हा प्रकार मला जास्त लागला. माइकची जाळी चेपली एवढंच नुकसान झालं. पण तो माइक दोन हात पलीकडं, मांडी घालून बसलेल्या विणेकरी आबांच्या अंगावर पडला असता तर, हा विचार रात्रभर डोक्यातून गेला नाही. त्या घटनेचं कारण आणि पुढच्या वर्षापर्यंत आम्ही काय केलं, ते इथं सविस्तर लिहितो. देवळात, शाळेत, तालीम मंडळात माइक स्टँड सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढं हे प्रकरण कधी ना कधी येतंच.

त्या रात्री काय समजलं आणि काय चुकलं

पडलेली क्लिप उचलली तेव्हा सगळ्यांचं एकच मत पडलं. "आटं गेल्यात ओ तिचं, दुसरी लावा." मलाही तसंच वाटलं. दुसरी क्लिप घेतली, ती त्याच स्टँडवर दोन वेढ्यांत अडली. मागून एकानं सुचवलं, "बसतंय की, जरा पकडीनं दाबा." घाई होती, कीर्तन चालू होतं. मी पकड लावली, अजून दोन वेढे गेले, क्लिप घट्ट बसली. पहाटे काकड्याला तीही डगमगायला लागली. मग टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि वरून सुतळी बांधून सप्ताहाचे उरलेले दिवस काढले.

या सगळ्यात मूळ चूक एकच होती. आटे झिजलेत असं आम्ही धरून चाललो. झिजलेला आटा हातानं सहज फिरतो, पण शेवटी घट्ट होत नाही, फिरतच राहतो. न जुळणारा आटा उलट वागतो. पहिले एक-दोन वेढे जातो, मग जड होतो, आणि जोर लावला की 'बसल्यासारखा' वाटतो. त्या बसण्यावर विश्वास ठेवला की माइक पडतो. हा फरक मी कारखान्यात रोज पाळतो. मंचावर पाळला नाही.

ताडपत्रीवर मांडलेले चौदा स्टँड

काल्याचं कीर्तन झालं, महाप्रसाद झाला, मांडव उतरला. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पडवीत ताडपत्री अंथरून सगळे स्टँड आणि क्लिपा मांडल्या. जाडी मोजायचा व्हर्निअर आणि आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, तपासायचा पिच गेज घरून आणला होता. चौदा स्टँड होते आणि ते चार वेगवेगळ्या वेळी, चार वेगवेगळ्या हातांनी आलेले.

सर्वांत जुने तीन, बिडाच्या गोल जड बुडाचे. त्यांच्या नळीच्या वरच्या टोकालाच बाहेरून बारीक आटे पाडलेले. व्हर्निअरनं १५.८ मिलिमीटर, म्हणजे ५/८ इंच, गेजवर दर इंचाला २७ आटे.

सहा तिकाटणी, आडव्या दांडीचे, ऑनलाइन घेतलेले. त्यांच्या टोकाला बारीक खुंटी, ९.४ ते ९.५ मिलिमीटर, म्हणजे ३/८ इंच, इंचाला १६ आटे. असे स्टँड नवीन येतात तेव्हा या खुंटीवर पितळेचा एक बुश चढवलेला असतो. आतून १६ चे आटे, बाहेरून २७ चे. सहापैकी एकाच स्टँडवर तो बुश शिल्लक होता.

चार स्टँड गावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले. मजबूत, उंचीला चांगले, लोक ते हौसेनं वापरत. त्यांच्या टोकाला वेल्ड केलेला बोल्ट व्हर्निअरनं ९.९ भरला आणि पिच गेजची दीड मिलिमीटरची पात त्यात अचूक बसली. म्हणजे तो एम-१०, दहा मिलिमीटर जाडीचा साधा मेट्रिक बोल्ट. करणाऱ्याची चूक म्हणता येत नाही. त्याला कुणीतरी माइकची क्लिप नेऊन दाखवली असणार, तिच्या भोकात जे जाईल ते त्यानं लावलं.

चौदावी एक फोटोग्राफीची तिवई, वर पाव इंची स्क्रू, इंचाला २० आटे. तिच्यावर थेट प्रक्षेपणाचा मोबाइल लागतो.

क्लिपा पंधरा. त्यातल्या तेरांना आतून ५/८ इंच, २७ चे आटे. या तेरांपैकी आठांच्या पोटात बुश अडकून बसलेला होता, तीन पितळी आणि पाच प्लास्टिकचे. उरलेल्या दोनांना आतून थेट ३/८. पितळी तीन बुश आमच्याच स्टँडवरून निघून क्लिपांमध्ये गेलेले होते, हे लगेच लक्षात आलं.

आणि पडलेला माइक? त्याचा स्टँड वेल्डिंगवाल्याच्या चारांतला, क्लिप प्लास्टिकच्या बुशाची. बुशाच्या आत पाहिलं तर आट्यांच्या जागी नुसती किसलेल्या प्लास्टिकची साल.

हे आकार आले कुठून

हार्डवेअरच्या दुकानात आपण आजही सूत बोलतो. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे पाव इंच दोन सूत, ३/८ तीन सूत, ५/८ पाच सूत. माइकच्या दुनियेतले तीनही मुख्य आकार या हिशेबात बसतात, म्हणून दुकानात जाऊन "पाच सुती बोल्ट द्या" म्हणावंसं वाटतं. तिथंच फसगत होते. दुकानातल्या पाच सुती बोल्टला इंचाला ११ आटे असतात. माइकच्या पाच सुतीला २७. जाडी तंतोतंत तीच, पण एक वेढासुद्धा जाणार नाही.

२७ इतके बारीक आटे का, हे स्टँडची नळी हातात घेतली की कळतं. ५/८ ला ११ आटे पाडायचे तर एका बाजूनं जवळजवळ १.४ मिलिमीटर खोल कापावं लागतं. पातळ नळीची भिंतच तेवढी नसते, नळी आरपार कापली जाईल. २७ आट्यांची खोली ०.५८ मिलिमीटर. नळी शाबूत राहते, आणि ८ मिलिमीटर लांबीत साडेआठ वेढे मिळतात. हा आकार अमेरिकेतल्या स्टँडवर रुळला. ॲटलास कंपनीचे स्टँड पाहा किंवा शूअर कंपनीच्या माइकबरोबर येणारी क्लिप, आटे हेच. युरोपनं ३/८ धरला. जर्मनीतल्या वेर्टहाइमच्या क्योनिग अँड मायर कंपनीच्या स्टँडवर तो ठळक दिसतो.

मेट्रिक जर्मनीत इंची आटे हे पहिल्यांदा ऐकून मला नवल वाटलं होतं. त्याचं मूळ इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थमध्ये आहे. १८४१ साली त्यानं आट्यांचं पहिलं मोठं प्रमाण मांडलं, कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागं किती आटे हे ठरवून दिलं. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सनं अमेरिकेसाठी वेगळं प्रमाण सुचवलं, कोन ६० अंश. अर्ध्या इंचाला दोघांचं जुळत नाही, व्हिटवर्थचे १२ आटे आणि सेलर्सचे १३. पण तीन सुतीला दोघांचेही १६ आणि दोन सुतीला दोघांचेही २०. कोनातला पाच अंशांचा फरक माइकच्या ढिल्या बसवणीत जाणवत नाही. म्हणूनच इंग्रजी वळणाचा ३/८ बोल्ट आणि अमेरिकी वळणाचा ३/८ बोल्ट एकमेकांच्या नटात सुखानं जातात. कॅमेऱ्याच्या तिवईवरचा मोठा स्क्रू माइकच्या क्लिपेत बसतो तोही याचमुळं. हा योग जुळला नसता तर आपल्याला आणखी दोन जातींचे बुश सांभाळावे लागले असते.

एम-१० आत गेलाच कसा

३/८ म्हणजे ९.५२५ मिलिमीटर. एम-१० त्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरनं जाड. पोलादी नटात तो शिरणारच नाही, पितळी बुशात एखादा वेढा कण्हत जाईल. प्लास्टिकच्या बुशात मात्र तो आपली वाट कापत जातो. पिचही जवळचा, एक दीड मिलिमीटरचा, दुसरा १.५८७५ चा. एका वेढ्याला फरक पडतो ०.०८७५ मिलिमीटरचा, जो हाताला कळत नाही. पाच वेढ्यांत तो ०.४४ होतो, म्हणजे पिचच्या पावपटीहून जास्त. मग बोल्टाचा आटा बुशाच्या आट्याच्या कडेवर चढतो आणि ती किसून काढतो. हाताला लागतं ते घट्टपण या किसण्याचं असतं.

एक गोष्ट सप्ताहाच्या गोंधळात कुणाच्या ध्यानात आली नव्हती. त्या चार स्टँडवर एकदा बसलेली क्लिप नंतर तिकाटणीवर लावली की तिथंही डगमगायची, कारण तिच्या बुशाची आतली वाट आता मोठी झालेली असायची. म्हणजे चार स्टँड मिळून हळूहळू सगळ्या क्लिपा खराब करत होते. दर वर्षी दोन-तीन क्लिपा "गेल्या" म्हणून नवीन येत होत्या, त्याचं कारण हेच.

याच्या उलटही घडतं. एखाद्यानं एम-१० चा नट ३/८ च्या खुंटीवर घातला तर तो सैल जातो, खुळखुळतो, आणि माणूस म्हणतो खुंटी झिजली. दोन्ही वेळा व्हर्निअर एका क्षणात निकाल देतो. साडेनऊच्या आसपास असेल तर तीन सूत, दहाच्या जवळ असेल तर एम-१०. व्हर्निअर नसेल तर खात्रीचा तीन सुती नट खिशात ठेवावा. तो बोटांनी पाच वेढे गेला तर खुंटी ३/८ ची.

बुश क्लिपेबरोबर का निघून जातो

सहा तिकाटण्यांपैकी पाचांचे बुश गायब होते. हे फक्त निष्काळजीपणामुळं होत नाही, त्यामागं यंत्राचं कारण आहे. बुशाला दोन आटे, आतला बारीक व्यासाचा आणि बाहेरचा मोठ्या व्यासाचा. दोन्हींवर दाब सारखाच, पण घर्षण धरून ठेवतं ते त्रिज्येच्या हिशेबात. बाहेरच्या आट्याची त्रिज्या ७.९ मिलिमीटर, आतल्याची ४.८. क्लिप उलटी फिरवली की आधी सुटतो तो कमी पकडीचा, म्हणजे आतला. बुश क्लिपेच्या पोटात बसून निघून जातो, आणि पाहुण्या भजनी मंडळाची क्लिप असेल तर थेट त्यांच्या गावाला. स्टँडवर उरते उघडी खुंटी, पुढची क्लिप तिच्यावर टोपीसारखी डुलते, आणि मग टेप, सुतळी, कागदाची घडी.

क्लिपेत अडकलेला बुश काढायचा असेल तर त्याच्या तोंडावर बहुतेक वेळा एक खाच असते. त्यात नाणं घालून फिरवलं की येतो. खाच नसेल किंवा बुजली असेल तर तीन सुती बोल्टावर दोन नट चढवून एकमेकांवर आवळायचे, बोल्ट बुशात पुरता उतरवायचा, खालचा नट बुशाच्या तोंडावर टेकवायचा आणि वरचा त्याच्यावर पुन्हा घट्ट करायचा. मग खालचा नट पान्यात धरून उलटा फिरवला की बुश त्याच्याबरोबर बाहेर येतो. पकडीनं कडेनं ओरबाडू नये, पितळ मऊ असतं, दाबलं की लांबट होतं आणि मग कुठंच बसत नाही. आमच्या तीन पितळी बुशांपैकी एकाची अशीच वाट लागलेली होती.

ऑनलाइन मागवलेलं पार्सल

मोजणी झाल्यावर कमिटीतल्या एका उत्साही भावकीतल्या पोरानं त्याच रात्री '३/८ ते ५/८ ॲडॅप्टर' म्हणून दहा नग मागवले. आले ते जमीन मोजणीच्या यंत्राच्या तिवईचे. तिथंही ५/८ च असतो, पण ११ आट्यांचा. पोराचं काही चुकलं नव्हतं, त्यानं लिहिलेला आकार बरोबर होता. दुसऱ्या खेपेला लाइटच्या स्टँडची ५/८ ची गुळगुळीत खुंटी आली. तीही १६ मिलिमीटरच्या आसपासच, पण तिला आटेच नाहीत, ती बाजूच्या स्क्रूनं आवळायची असते. म्हणून मागवताना नुसतं ५/८ लिहून भागत नाही. '५/८, २७ आटे' हे दोन्ही आकडे नसतील तर ती वस्तू घेऊ नये, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

तिसऱ्या खेपेला बरोबर माल आला. कॉलर असलेले पितळी बुश, बारा नग. त्यातले दोन आतून ढिले निघाले, खात्रीच्या तीन सुती बोल्टावर कडेनं हलत होते. ते परत केले. कॉलर महत्त्वाची, कारण तिच्यामुळं बुश खुंटीवर टेकून थांबतो आणि क्लिप त्या कॉलरवर बसते. बिनकॉलरचा बुश क्लिपेच्या पोटात खोल जातो आणि तिथंच राहतो.

कुठल्या टोकाला बदल करायचा

बैठकीत यावर बराच वाद झाला. एक मत होतं की सगळे स्टँड ३/८ वर आणावेत आणि प्रत्येक क्लिपेत बुश ठेवावा, कारण तीन सुती आटे पाडायचा टॅप-डाय कुठंही मिळतो. ही सोय खरी आहे. पण मी आग्रह धरला तो उलटा. सगळ्या स्टँडचं टोक ५/८, २७ आटे, कायमचं. बुश स्टँडचा, क्लिपेचा नव्हे.

माझी बाजू अशी होती. स्टँड गावात राहतात. क्लिपा आणि माइक फिरतात, कीर्तनकार आपले माइक घेऊन येतात, भजनी मंडळं घेऊन येतात. फिरणाऱ्या वस्तूत सुटा भाग ठेवला की तो हरवतो. शिवाय आमच्या पंधरांपैकी तेरा क्लिपा मुळातच ५/८ च्या, आणि आमच्याकडं येणाऱ्या पाहुण्यांच्याही बहुतेक तशाच. तिसरं, मोठ्या व्यासाचा आटा जास्त वेढे धरतो आणि हादऱ्याला कमी दाद देतो. मंचावर वीस माणसं पावली खेळतात तेव्हा याची किंमत कळते. आबांनी शेवटी विचारलं, "मग क्लिपंतनं काय काढायचं न्हाई न घालायचं न्हाई, असंच ना?" तसंच, आबा. ठराव झाला.

सहा तिकाटण्यांचं काम सोपं. खुंटी पेट्रोलच्या फडक्यानं पुसली, निळं लॉकटाइट, म्हणजे आटे जागेवर धरणारा गोंद, दोन थेंब, बुश चढवून कॉलर टेकेपर्यंत आवळला, एक रात्र ठेवला. निळं यासाठी की पुढं कधी गरज पडली तर पान्यानं निघावं. हातानं मात्र निघत नाही, आणि तेवढंच हवं होतं. आता क्लिप उलटी फिरवली की फक्त क्लिपच येते.

चार एम-१० च्या स्टँडवर खरी मेहनत लागली. सोपा मार्ग समोर होता: आतून एम-१०, बाहेरून ५/८ असा खास बुश करून चढवायचा. मी तो नाकारला. असा बुश दिसायला अगदी ३/८ च्या बुशासारखा. एखादा सुटून इतरांत मिसळला तर पुन्हा तोच गोंधळ, आणि या वेळी तो माझ्या हातानं केलेला. म्हणून चारही बोल्ट ग्राइंडरनं कापून टाकले. त्यांच्या जागी पोलादाचा एक खुंटा करायचा ठरलं. खालचा भाग नळीत घट्ट बसणारा, मध्ये खांदा, वर ५/८ चे २७ आटे, आणि आटे संपतात तिथं खांद्याजवळ बारीक खाच, म्हणजे क्लिप खांद्यावर सपाट बसेल.

कारखान्यातल्या सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, पिच ०.९४०७ घातला की हे काम पाच मिनिटांचं. पण मशीन ऑर्डरवर चालू, चार नगांसाठी सेटिंग मोडायला मालकांना सांगणं मला पटेना. आमच्या तिथल्या साध्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू, मेट्रिक, गिअर बॉक्सच्या तक्त्यावर २७ नाहीच. मग कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका जुन्या कारागिरांकडं गेलो. त्यांच्या लेथचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचा. मी काका म्हणतो त्यांना. काकांनी कागदसुद्धा घेतला नाही. "चार भागिले सत्तावीस," म्हणाले आणि वीस-पंचेचाळीस, तीस-नव्वदचे गिअर चढवले. हिशेब करून पाहा, वीस गुणिले तीस भागिले पंचेचाळीस गुणिले नव्वद, बरोबर ४/२७. सत्तावीस हा विषम आकडा, म्हणून त्यांनी लीड स्क्रूला पकडणारा अर्धा नट एकदाही सोडला नाही. प्रत्येक कापाला मशीन उलटं फिरवून टूल मागं आणायचं, पुन्हा काप. चौथा नग होईपर्यंत दुपार गेली. प्रत्येक खुंट्यावर चांगली क्लिप बोटांनी आठ वेढे फिरवून पाहिली आणि मगच नग उतरवला. पैसे विचारले तर म्हणाले, "सप्ताहाचं हाय न्हवं?" आणि चहा मागवला.

वेल्डिंग करताना आट्यांवर जुन्या क्लिपेतून कापलेली पितळी कडी चढवून ठेवली, नाहीतर वेल्डचे शितोडे आट्यांत बसतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

उरलेल्या दोन थेट ३/८ च्या क्लिपा तिवईसोबत वेगळ्या पिशवीत गेल्या. पाचही प्लास्टिकचे बुश मी स्वतः कापून टाकले, कुणी परत वापरू नये म्हणून.

हातानं दोन वेढे, आणि माइकचं तोंड कुठल्या बाजूला

सामान एकसारखं झालं तरी ते लावणारे हात दर वर्षी नवे असतात. सहावी-सातवीतली पोरं हौसेनं स्टँड लावतात, आणि त्यांनी लावावेत असंच मला वाटतं. त्यांना मी एकच रीत शिकवली. क्लिप टोकावर टेकवायची आणि आधी उलटी, डावीकडं फिरवायची. एका जागी ती किंचित खाली बसल्याचं बोटाला कळतं. तिथून सरळ फिरवायची. पहिले दोन वेढे फक्त बोटांच्या टोकांनी. ते जड गेले तर थांबायचं आणि मला हाक मारायची. पकड स्टँडजवळ आणायची नाही. २७ आट्यांची क्लिप तिरकी चढवली तर बारीक आटे एका झटक्यात कापले जातात, म्हणून ही उलटी फिरवण्याची रीत ५/८ ला जास्तच लागते.

दुसरी गोष्ट मला स्वतःला त्या मोजणीनंतर सुचली. आडव्या दांडीवर आट्यांचा अक्ष दांडीच्या दिशेनं असतो. माइक एका अंगाला वळवून ठेवला की त्याचं वजन क्लिपेला फिरवू पाहतं. शूअरचा एसएम-५८ जवळपास ३०० ग्रॅमचा, शिवाय केबलचा ओढा. दांडीच्या टोकासमोर, टोकाकडं तोंड करून उभं राहिलं आणि माइक आपल्या उजव्या हाताला असेल तर वजन क्लिप आवळत राहतं. डाव्या हाताला असेल तर ती हादऱ्या-हादऱ्यानं सुटत जाते. त्या रात्री मृदंगाचा माइक डाव्या अंगाला होता. आटे बरोबर असते तर त्यानं काही बिघडलं नसतं, पण किसलेल्या बुशाला तेवढं पुरेसं ठरलं. आता मृदंगाच्या दोन्ही बाजूंचे स्टँड आम्ही असे उभे करतो की माइक उजवीकडंच यावा. धुमाच्या बाजूला बुवा ओली कणीक लावतात, तिचे शितोडे आट्यांत वाळले की क्लिप चिकटते, म्हणून त्या स्टँडचं टोक रोज काकड्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं काम एका पोराकडं दिलंय.

पुढच्या वर्षीचे सात दिवस

यंदाच्या सप्ताहात तेरा स्टँडवर कुठलीही क्लिप कुठंही बसली. सात दिवसांत एकदाही सुतळी लागली नाही. एक अडचण सहाव्या दिवशी आली. मराठवाड्यातून आलेल्या महाराजांच्या साथीदारांनी स्वतःचा माइक आणला होता, क्लिपेत प्लास्टिकचा बुश घट्ट अडकलेला, खाच बुजलेली. त्यांचा टाळकरी म्हणाला, "आमच्याकडं तर अशीच बसते ओ, जोरात फिरवा." मी नम्रपणे नाही म्हटलं, डब्यातला तीन सुती बोल्ट आणि दोन नट काढले, बुश बाहेर काढून त्यांच्याच पाकिटात घालून दिला आणि क्लिप आमच्या स्टँडवर लावली. साडेआठ वेढे, बोटांनी.

आठवा दिवस, काला. स्टँड आवरताना डबा मोजला. चार जादा पितळी बुश, एक तीन सुती बोल्ट, दोन नट, एक खात्रीची २७ आट्यांची क्लिप. सगळं जागेवर होतं. वेल्डिंगवाला भाऊ प्रसादाला आला होता, त्याला नवे खुंटे दाखवले. त्यानं क्लिप हातात घेतली, उलटी फिरवली, खाली बसल्यावर सरळ फिरवली आणि विचारलं, हा डाय कुठं मिळतो. शेजारच्या गावानं त्याला सहा स्टँड सांगितलेत.